उसनी नावे

टोपणनाव म्हटले की आम्हा रत्नागिरीकरांना आधी आठवतात मालगुंडचे केशवसुत. कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले ते वडिलांच्या नावावरून. त्यात लपवाछपवी नव्हती. पण दुसऱ्या एका टोपणनावाने मला बरेच दिवस छळले आहे.

१९२६ साली मद्रासहून 'लाइफ ऑफ बॅरिस्टर सावरकर' हे इंग्रजी चरित्र निघाले. लेखक 'चित्रगुप्त'. सावरकर तेव्हा आमच्या गावी स्थानबद्ध होते. जानेवारी १९२४ मध्ये सुटका झाली ती दोन अटींवर : जिल्हा सोडायचा नाही, राजकारणात पडायचे नाही. १९३७ पर्यंत हे चालले.

कॉलेजात असताना या पुस्तकावर विसंबून मी वक्तृत्व स्पर्धेत भाषण ठोकले होते. "त्यांना जवळून पाहणारा चित्रगुप्त सांगतो..." वगैरे. टाळ्याही मिळाल्या. पुढे कधीतरी १९८७ ची आवृत्ती हाती आली. तिच्या प्रस्तावनेत म्हटले होते की चित्रगुप्त म्हणजे स्वतः सावरकरच! माझा साक्षीदारच गेला.

तसा हा प्रकार जुना आहे. डेमोक्रिटस हा इ.स.पूर्व पाचव्या शतकातला ग्रीक तत्त्वज्ञ. त्याच्यानंतर काही शतकांनी कुणीतरी सोने-चांदी बनवण्याच्या आणि जांभळा रंग देण्याच्या कृतींचा ग्रंथ त्याच्या नावावर खपवला. आपल्याकडे 'रसरत्नसमुच्चय' घ्या. कर्ता सिंहगुप्ताचा पुत्र वाग्भट. 'अष्टांगहृदय'कार वाग्भटही सिंहगुप्ताचाच पुत्र, पण दोन ग्रंथांत कित्येक शतकांचे अंतर.

किमयागारांचे गणित सोपे होते. अनोळखी माणसाच्या कृतीवर कोण भरवसा ठेवणार? म्हणून मोठ्या माणसाची पत उसनी घ्यायची. 'चित्रगुप्ता'चे तसे नाही. सरकारची नजर असताना नाव लपवणे मी समजू शकतो. १९२३ चे 'हिंदुत्व'ही 'अ मराठा' या नावानेच आले होते. पण चरित्रात नायकाच्या धैर्याचे कौतुक आहे, आणि कौतुकाला दुसऱ्याचे तोंड लागते. अटींमुळे नाव का लपवले ते कळते. कौतुक का केले ते कळत नाही.

त्यात नाव कोणते, तर चित्रगुप्त! यमाच्या दरबारात सर्वांच्या पाप-पुण्याचा हिशेब ठेवणारा. स्वतःचेच खाते स्वतः लिहायला बसलेला...

असो. मीही इथे टोपणनावानेच लिहितो. नोकरी आहे, नातेवाईक आहेत. एक पथ्य मात्र पाळतो. त्या नावाने स्वतःची पाठ थोपटत नाही.