डिजिटल मार्केटिंग शिकायचंय? फी भरण्याआधी शिकाऊ उमेदवारी समजून घ्या

गॅरेज असो, शिलाईचा कारखाना असो की जरीकामाचा अड्डा, आपल्याकडे उस्ताद-शागिर्द हे नातं जुनं आहे. शागिर्द काम करत करत शिकतो आणि महिन्याला थोडेफार पैसे घरीही नेतो. सरकारी भाषेत यालाच शिकाऊ उमेदवारी म्हणतात. बोलताना आपण अप्रेंटिसशिप म्हणतो. त्यासाठी देशात 1961 पासून स्वतंत्र कायदा आहे.

ही सोय आयटीआयच्या फिटर-वेल्डरपुरतीच आहे, असं बऱ्याच घरांत समजलं जातं. 2014 साली या कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून कंपन्यांना आपल्या गरजेप्रमाणे ‘ऐच्छिक ट्रेड’ ठरवता येतात आणि बिगर-तांत्रिक पदवीधरांनाही घेता येतं. त्यामुळे कॉम्प्युटरवरची, ऑफिसातली कामंही आता शिकाऊ उमेदवारीत बसतात. डिजिटल मार्केटिंग त्यांपैकीच एक.

पालकसभेनंतर पालक आम्हाला मुलांच्या अभ्यासाइतकंच स्वतःच्या रोजगाराबद्दलही विचारतात. कुणाचं दुकान मंदावलं आहे, कुणी आखातातून परत आलं आहे, कुणी ताई वर्षानुवर्षं तुटपुंज्या पगारावर शिकवत आहेत. वय तीस-बत्तीस, घरात दोन मुलं. अशा वेळी ‘तीन महिन्यांत डिजिटल मार्केटिंग, नोकरीची हमी’ अशी जाहिरात दिसते आणि माणूस दागिने मोडून फी भरायला निघतो. तिथे थोडं थांबून एवढं ध्यानात घ्यावं की शिकाऊ उमेदवारीत पैसे शिकणारा देत नाही, मालक देतो, आणि तेही लेखी करार करून. फी भरण्याआधी हा मार्ग तपासावा, म्हणून ही माहिती देत आहोत.

काम नेमकं काय असतं?

फेसबुकवर फोटो टाकणं म्हणजे डिजिटल मार्केटिंग नव्हे. गूगलवर शोधणाऱ्याला आपल्या ग्राहकाचं नाव वर दिसावं म्हणून वेबसाइट सुधारणं, म्हणजे एसईओ. पैसे देऊन गूगल, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर जाहिरात चालवणं. गूगल मॅपवर दुकानाची माहिती अचूक ठेवणं, व्हॉट्सॲप बिझनेसवर ऑर्डर घेणं, मजकूर लिहिणं. आणि शेवटी हिशोब, म्हणजे खर्च किती झाला, हाती काय आलं.

नवशिक्याची खरी परीक्षा या हिशोबातच होते. समजा, एका कपड्याच्या दुकानाने जाहिरातीवर 5,000 रुपये खर्च केले. जाहिरात 50,000 वेळा दिसली, 500 जणांनी क्लिक केलं, 20 जणांनी कपडे घेतले. म्हणजे दिसण्याच्या मानाने क्लिकचं प्रमाण 1 टक्का. एक क्लिक 10 रुपयांना पडलं, एक ऑर्डर 250 रुपयांना. आता एका ऑर्डरमागे दुकानदाराला 200 रुपयेच सुटत असतील, तर 20 ऑर्डर येऊनही तो 1,000 रुपयांनी तोट्यात गेला. हे ओळखून जाहिरात बदलणारा माणूस कंपनीला हवा असतो. सातवी-आठवीचं शेकडेवारीचं गणित इथे रोज लागतं.

म्हणून दुसऱ्या धंद्यातून येणाऱ्याने स्वतःला कोरी पाटी समजू नये. गल्ल्यावर बसलेल्याला गिऱ्हाईक कशावर अडतं ते कळतं. शिक्षिकेला अवघड गोष्ट सोपी करून लिहिता येते. आखातात स्टोअरकीपर असलेल्याचा एक्सेलवर हात बसलेला असतो. आणि आपल्या मुला-मुलींना मराठी, उर्दू, हिंदी तिन्ही भाषा येतात. रमजान-ईदच्या हंगामात, लग्नसराईत गावोगावचे दुकानदार ज्या भाषेत गिऱ्हाइकाशी बोलतात, त्या भाषेत जाहिरात लिहिणारा त्यांना हवाच असतो.

कायदा काय देतो?

ज्या आस्थापनेत 30 किंवा जास्त माणसं आहेत, तिला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. 4 ते 29 माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. डिजिटल मार्केटिंगच्या बऱ्याच एजन्सी लहान असतात, म्हणून त्यांना विचारावं लागतं. पण काम एजन्सीतच असतं असं नाही. हॉस्पिटल, शोरूम, शिक्षणसंस्था, बांधकाम कंपनी, सगळीकडे आता मार्केटिंगची टेबलं आहेत.

उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळतं. 2019 च्या नियमांप्रमाणे किमान रक्कम दहावी पास असेल तर 6,000, बारावी पास 7,000, डिप्लोमा 8,000 आणि पदवीधर 9,000 रुपये आहे. मालक जास्त देऊ शकतो. प्रशिक्षण वर्षापुढे गेलं तर दुसऱ्या वर्षी 10 टक्के वाढ मिळते. ही किमान रक्कम 36 टक्क्यांनी वाढवावी, अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे 2025 मध्ये केली. त्यामुळे सही करताना त्या दिवशी लागू असलेला आकडा पोर्टलवर बघून घ्यावा.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, म्हणजे नॅप्स, 2016 साली सुरू झाली. तिच्यात विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्र सरकार उचलतं. 2023 पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. त्यासाठी बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. आधार, शाळेचा दाखला आणि मार्कशीटवर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावं. आपल्या घरांत शेख-शैख, मोहम्मद-मुहम्मद असे घोळ फार असतात आणि अर्ज तिथेच अडकतात.

वयाचं काय? कायद्यात किमान वय 14 आहे, वरची मर्यादा नाही. मात्र नॅप्सचा सरकारी वाटा 35 वर्षांपर्यंतच्या उमेदवारांसाठी आहे. पस्तिशीच्या पुढे मालक क्वचित तयार होतो. त्यांनी एजन्सीत साधी ‘ट्रेनी’ची नोकरी मागावी, किंवा ओळखीच्या दोन-तीन दुकानांचं काम ठरावीक मोबदल्यावर घेऊन हात बसवावा.

ऐच्छिक ट्रेडचा कालावधी 6 महिने ते 3 वर्षं असतो. कामाचे तास मालक ठरवतो, पण शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करवून घेता येत नाही. कामावर इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे.

दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. कायद्याच्या नजरेत शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. मुदत संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही. म्हणून ‘सरकारी योजना आहे, म्हणजे नोकरी पक्की’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

नावं सारखी, योजना वेगळ्या

नॅट्स ही केंद्राचीच दुसरी योजना आहे. ती पदवी-डिप्लोमाधारकांसाठी आहे आणि मुख्यतः नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना उपयोगी पडते. आपल्या भागासाठी तिचं मंडळ मुंबईत आहे. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली. ती 18 ते 35 वयासाठी आहे आणि तिथेही विद्यावेतन मिळतं, पण ती या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी नव्हे. ‘इंटर्नशिप’ हा शब्द तर कुणीही वापरतो. त्यामुळे नाव काय आहे ते राहू द्या, करार कोणत्या कायद्याखाली आहे तेच विचारा.

सुरुवात कशी करावी?

आधी दोन महिने घरबसल्या, सध्याचं काम न सोडता, हे आपल्याला जमतं का ते बघावं. गूगलचं स्किलशॉप आणि हबस्पॉट अकॅडमी इथले अभ्यासक्रम मोफत आहेत आणि त्यांची प्रमाणपत्रंही मिळतात. इंग्रजी कच्चं असेल तर वेळ जास्त लागेल, पण हळूहळू जमतं. जोडीला एखादं खरं काम करावं. मामूंच्या बेकरीचं गूगल मॅपवरचं पान नीट करा, फोटो टाका, वेळा लिहा, आणि महिन्याभरात फोन किती वाढले त्याची वहीत नोंद ठेवा. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ही वही जास्त बोलते.

मग अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करावी. नोंदणीला फी नाही. तिथे ‘डिजिटल मार्केटिंग’, ‘सोशल मीडिया’ असे शब्द घालून आणि जिल्हा निवडून जागा शोधाव्यात. अडलं तर जिल्ह्याच्या शासकीय आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचं काम बघणारं केंद्र असतं. तिथे जाऊन विचारावं, एजंटाला पैसे देऊ नयेत.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

1. करार पोर्टलवर नोंदला जाणार का? नोंदणी नसेल तर ती शिकाऊ उमेदवारी नव्हे, फुकटची राबणूक ठरू शकते.
2. विद्यावेतन किती, कोणत्या तारखेला, बँकेतच ना?
3. शिकवणार कोण? जाहिरातीच्या खात्यात हात घालू देणार, की वर्षभर नुसत्या पोस्ट बनवून घेणार?
4. कोणत्या ग्राहकांचं काम करावं लागेल? जुगाराच्या किंवा व्याजी कर्जाच्या जाहिराती करायच्या नसतील तर ते आधीच बोलावं, मागाहून वाद नको.
5. शेवटी मूल्यमापन कोण करणार आणि प्रमाणपत्रावर कुणाचं नाव येणार?
6. मध्येच सोडलं तर काय? करार मोडणाऱ्या बाजूवर भरपाईची जबाबदारी येऊ शकते, म्हणून ते कलम वाचल्याशिवाय सही करू नये.

आणि एक इशारा. ‘व्हिडिओ लाइक करा, रोज पैसे कमवा’ असे टेलिग्राम-व्हॉट्सॲपवरचे मेसेज म्हणजे डिजिटल मार्केटिंग नव्हे, ती फसवणूक आहे. आधी थोडे पैसे देतात, मग मोठी रक्कम भरायला लावतात. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या हेल्पलाइनला फोन करावा.

घरचा हिशोब

हा निर्णय एकट्याचा नसतो. समजा, घरखर्च महिन्याला 18,000 आहे आणि पदवीधर उमेदवाराला 9,000 मिळाले. दरमहा 9,000 कमी पडतील, म्हणजे वर्षाला 1,08,000 रुपये. मुंबई-पुण्यात खोली घ्यावी लागली तर त्याहून जास्त. ही तूट कशातून भरायची? बचतीतून, बायकोच्या शिवणकामातून, भावाच्या मदतीतून, की सकाळच्या शिकवणीतून? हे अम्मी-अब्बांसमोर, जोडीदारासमोर वहीत मांडावं. जमत नसेल तर आपल्याच जिल्ह्यातली, घरून जाता येईल अशी जागा मिळेपर्यंत थांबावं. थांबलेल्या काळातही मोफत अभ्यास आणि ओळखीच्या दुकानांचं काम चालू ठेवता येतं.

सून किंवा मुलगी जाणार असेल तर तिचं विद्यावेतन तिच्याच नावाच्या खात्यात जमा होऊ द्यावं आणि त्या वर्षात घरकामाची वाटणी नव्याने करावी. दिवसभर ऑफिस आणि रात्री सगळा स्वयंपाक एकटीवर, असं असेल तर शिकणं मागे पडतं.

वर्षाच्या शेवटी हातात दोन गोष्टी हव्यात. एक प्रमाणपत्र, आणि दुसरी आपण केलेल्या कामाची फाइल, म्हणजे कोणती जाहिरात, किती खर्च, काय निकाल. ग्राहकाची गुप्त माहिती बाहेर नेता येत नाही, म्हणून फाइलमध्ये काय ठेवायचं ते वरिष्ठांना विचारून ठरवावं. पुढची नोकरी बहुतेक वेळा हीच फाइल मिळवून देते, म्हणून पहिल्या महिन्यापासूनच ती लिहायला घ्यावी.