#थ्रेड : असेंबल्ड पीसीच्या मुळाशी असलेली कायदेशीर नक्कल

पहिलाच डेस्कटॉप स्वतः जुळवू पाहणारा तरुण गेमिंग आणि व्हिडिओ एडिटिंगसाठी सुट्या भागांची यादी करतो. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, ग्राफिक्स कार्ड तिसरीचे, एसएमपीएस चौथीचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सारे वेगवेगळ्या दुकानांतून आणले, तरी ते एकमेकांत बसते. ही मुभा कोणी आपणहून दिलेली नाही. १९८०च्या दशकात ती एका बलाढ्य अमेरिकन कंपनीच्या हातून निसटली.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या तुकडीला तो सुमारे वर्षभरात उभा करायचा होता. प्रत्येक भाग घरीच घडवण्याइतकी सवड नव्हती. म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. जादा कार्डांसाठी आत पाच स्लॉट ठेवले आणि ती कार्डे इतरांना बनवता यावीत म्हणून सर्किटच्या आकृत्या पुस्तिकेत छापल्या. त्याच पुस्तिकेत बायोसची संपूर्ण आज्ञावलीही होती.

औदार्य वाटावे असे हे कृत्य. पण खरी मेख येथेच होती. बायोस म्हणजे संगणक सुरू होताच प्रथम चालणारी आणि कीबोर्ड, पडदा, डिस्क यांच्याशी व्यवहार करणारी छोटीशी आज्ञावली. बाकीचे बहुतेक भाग बाजारात मिळत. बायोसवर मात्र आयबीएमचा कॉपीराइट होता. ज्याने ती छापील पाने वाचली, त्याने पुढे लिहिलेले काहीही चोरी ठरण्याचा धोका होता. चिपमध्ये कोरलेल्या आज्ञावलीलाही कॉपीराइटचे संरक्षण आहे, हे १९८३ मध्ये ॲपल विरुद्ध फ्रँकलिन खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने स्पष्ट केले.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स सोडून आलेल्या तिघांनी १९८२ मध्ये ह्यूस्टनला कॉम्पॅक स्थापली आणि या कोंडीतून वाट काढली. एका गटाने आयबीएमचा बायोस अभ्यासून तो काय करतो, एवढेच टिपून ठेवले. दुसऱ्या गटाने मूळ आज्ञावली डोळ्यांनीही न पाहता त्या टिपणांवरून नवी लिहिली. काम तेच, शब्द वेगळे. कायद्याला बोट ठेवायला जागा उरली नाही. शिलाईमशीनएवढा त्यांचा ‘पोर्टेबल’ १९८३ मध्ये बाजारात आला आणि पहिल्याच वर्षी ५० हजारांहून अधिक विकला गेला.

तरीही कॉम्पॅकचा बायोस कॉम्पॅकपुरताच होता. निर्णायक पाऊल फिनिक्स या कंपनीचे. तिने १९८४ मध्ये याच रीतीने लिहिलेला बायोस पैसे मोजणाऱ्या कोणत्याही उत्पादकाला विकायला काढला. आता लहानसहान कारखानाही आयबीएमशी सुसंगत संगणक करू शकत होता.

आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ मालिका काढून बाजार पुन्हा मुठीत घेण्याचा प्रयत्न केला. त्यातील नव्या स्लॉटमध्ये जुनी कार्डे बसत नव्हती आणि तो वापरण्यासाठी परवाना शुल्क होते. कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये स्वतःचा पर्यायी स्लॉट पुढे केला. हे दोन्ही स्लॉट फार टिकले नाहीत. पीएस/२चे नाव मात्र कीबोर्ड-माउसच्या गोल पोर्टला चिकटून राहिले.

पुढचे नियम आयबीएमने ठरवले नाहीत. मदरबोर्डाचा आकार आणि स्क्रूच्या छिद्रांच्या जागा ठरवणारे एटीएक्स हे मानक इंटेलने १९९५ मध्ये आणले. आजचे कॅबिनेट निवडतानाही तेच नाव वाचावे लागते.

एक दार मात्र पुन्हा बंद झाले. ‘सॉकेट ७’मध्ये इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिन्ही कंपन्यांचे प्रोसेसर बसत. इंटेलने १९९७ मध्ये पेंटियम २ साठी स्वतःचा ‘स्लॉट १’ आणला, तर एएमडीने १९९९ मध्ये ॲथलॉनसाठी ‘स्लॉट ए’. त्यानंतर दोघांचे मदरबोर्ड कायमचे वेगळे झाले. म्हणूनच यादी करणाऱ्याला आजही मदरबोर्ड निवडण्याआधी इंटेल की एएमडी, हे ठरवावे लागते.