मेरोला ऑपेरा प्रोग्रॅम व अ‍ॅडलर फेलोशिप

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को ऑपेरा या संस्थेशी जोडलेल्या, तरुण ऑपेरागायकांच्या प्रशिक्षणाच्या दोन योजना. मेरोला १९५७ मध्ये सुरू झाली. ती उन्हाळ्यापुरती असते. अ‍ॅडलर १९७७ ची. ती वर्ष-दोन वर्षांची आणि पगारी असते. अ‍ॅडलरसाठी निवड होते ती मेरोलातून बाहेर पडलेल्यांमधूनच, म्हणून या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो. गायकांखेरीज पियानोवर भूमिका बसवून घेणारे शिकाऊ ‘कोच’ आणि एखादा शिकाऊ दिग्दर्शक यांनाही इथे जागा असते.

संगीत महाविद्यालयातून बाहेर पडणारा ऑपेरागायक पंचविशीच्या आसपास असतो. सूर पक्का असतो, दोन-तीन परक्या भाषांतल्या आरिया (ऑपेरातली एकल गाणी) पाठ असतात, पदवीही हाती असते. तरीही थिएटर त्याला लगेच मोठी भूमिका देत नाही, आणि त्यात थिएटरचे फारसे चुकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे वॉर मेमोरियल ऑपेरा हाऊस तीन हजारांहून अधिक आसनांचे आहे. तिथे मायक्रोफोन नसतो. समोरच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद वाजत असतो आणि त्याच्या वरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा असतो. तोही अंगावर जड झगा घेऊन, जिना उतरताना, एक नजर कंडक्टरच्या हाताकडे आणि दुसरी सहनटाकडे ठेवून. हे वर्गात शिकवता येत नाही. शिवाय या वयात आवाजच पुरता तयार झालेला नसतो. हलकी सोप्रानो (उंच पट्टीचा स्त्रीआवाज) लवकर तयार होते. बास (सर्वांत खालचा पुरुषआवाज), किंवा वाग्नर-व्हेर्दीच्या अवजड भूमिका पेलणारे आवाज, यांना तिशी उलटावी लागते.

जर्मनीत या अडचणीचे उत्तर जुनेच आहे. तिथली सरकारी आणि नगरपालिकांची थिएटरे गायकांना हंगामभर पगारावर ठेवतात. नवखा गायक आज निरोप्या, उद्या नोकर अशा लहानसहान भूमिका करत तयार होतो. अमेरिकेत अशी व्यवस्था कधी रुजलीच नाही. तिथे हंगाम तोकडे असतात आणि गायक निर्मितीगणिक करारावर येतात, त्यामुळे अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, अशी कोंडी ठरलेली. ती फोडण्यासाठी मोठ्या ऑपेरा कंपन्यांनी स्वतःच्या छत्राखाली प्रशिक्षणाच्या योजना काढल्या. मेरोला ही त्यांतली सर्वांत जुन्यांपैकी एक. त्याच १९५७ साली जॉन क्रॉस्बी याने न्यू मेक्सिकोत सांता फे ऑपेरा सुरू करताना शिकाऊ गायकांची योजनाही उभी केली.

योजनेला ज्याचे नाव आहे तो गाएतानो मेरोला (१८८१–१९५३) मूळचा नेपल्सचा. त्याने १९२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ऑपेरा स्थापन केली आणि तीस वर्षे चालवली. ३० ऑगस्ट १९५३ रोजी शहरातल्या स्टर्न ग्रोव्ह या उघड्या रंगस्थळी वाद्यवृंद चालवत असतानाच त्याचे निधन झाले. त्या वेळी ‘मादामा बटरफ्लाय’मधली आरिया चालू होती. पुढे मेरोलाच्या विद्यार्थ्यांचे उघड्यावरचे प्रयोग याच स्टर्न ग्रोव्हमध्ये होत असत.

प्रत्यक्ष उभारणी मात्र त्याच्या वारसदाराची, कुर्ट हेर्बर्ट अ‍ॅडलर (१९०५–१९८८) याची. हा व्हिएन्नाचा ज्यू. उमेदवारीत त्याने माक्स राइनहार्टच्या नाट्यसंस्थेत आणि १९३६ मध्ये साल्झबर्गला कंडक्टर तोस्कानिनीच्या हाताखाली काम केले होते. नाझींच्या काळात, १९३८ मध्ये, तो अमेरिकेत आला आणि १९४३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत समूहगायकांचा प्रमुख म्हणून रुजू झाला. मेरोलानंतर १९८१ पर्यंत संस्थेची सूत्रे त्याच्याकडे होती. तालमीतला त्याचा कडकपणा प्रसिद्ध होता. नवखा गायक थिएटरच्या रोजच्या कामात कसा घडतो, हे त्याने युरोपात पाहिलेले होते. इथे तशी थिएटरे नाहीत तर निदान एक उन्हाळा तरी तसा द्यावा, असा त्याचा हिशेब दिसतो. या कामी त्याला जेम्स श्वाबाखर या स्थानिक टेनर (उंच पट्टीच्या) गायकाची आणि कलाश्रयी गृहस्थाची मोठी साथ मिळाली. मेरोलाचा उन्हाळी जलसा आणि गायकांची मैफलमाला, दोन्ही श्वाबाखरच्याच नावाने होतात.

तयार झालेल्या गायकांना काम हवे, म्हणून १९६७ मध्ये वेस्टर्न ऑपेरा थिएटर ही फिरती शाखा निघाली. बसमधून नेपथ्य-कपडे घेऊन लहान गावांतल्या शाळा-सभागृहांत प्रयोग करायचे, रात्री मुक्काम, सकाळी पुन्हा रस्ता. आपल्या नाटक कंपन्यांच्या दौऱ्यांशी परिचित वाचकाला या जगण्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. ही शाखा २००३ मध्ये बंद पडली, आणि माझ्या मते तिच्याबरोबर शिक्षणाचा एक धडाच गेला. रोज नवे सभागृह आणि ऑपेरा कधी न पाहिलेला प्रेक्षक यांनी जे शिकवले ते मास्टरक्लासमध्ये मिळण्याजोगे नव्हते. १९८२ मध्ये, अ‍ॅडलरनंतरचा प्रमुख टेरेन्स मॅकयूअन याच्या कारकिर्दीत, या सर्व योजना सॅन फ्रान्सिस्को ऑपेरा सेंटर या एका नावाखाली आणल्या गेल्या. सोप्रानो शेरी ग्रीनवॉल्ड हिने २००२ पासून २०२० पर्यंत या सेंटरचे काम पाहिले.

मेरोलाची निवड आदल्या वर्षाच्या शरदात होते. अर्ज शेकड्यांनी येतात आणि जागा असतात पंचवीस-तीस. ऑडिशनला गायक आपल्या यादीतली पहिली आरिया स्वतः निवडतो, दुसरी परीक्षक मागतात. पहिलीत तो काय दाखवू इच्छितो ते कळते. दुसरीत काय लपवत होता ते. निवड झाली की शिकवणीची फी नाही, उलट खर्चासाठी भत्ता मिळतो. ‘पैसे भरा आणि गा’ अशा उन्हाळी शिबिरांचा अमेरिकेत आणि युरोपात सुळसुळाट आहे. त्या मानाने ही गोष्ट लहान नाही. मेरोला ही कागदोपत्री वेगळी, देणग्यांवर चालणारी संस्था आहे. बाहेर पडलेल्या गायकांना पुढची काही वर्षे शिकवणी आणि ऑडिशनच्या प्रवासासाठी ती अनुदानही देते.

उन्हाळ्याचे ते आठवडे गच्च असतात. सकाळी कोचबरोबर भूमिका. मग इटालियन, जर्मन, फ्रेंच किंवा रशियन उच्चारांचा वर्ग, रंगमंचावरच्या हालचालीचा वर्ग, तालीम, आणि अधूनमधून एखाद्या नामांकित कलावंताचा मास्टरक्लास. बॅरिटोन थॉमस हॅम्पसन १९८० मध्ये इथे आला तेव्हा त्याला सोप्रानो एलिझाबेथ श्वार्त्सकोफकडून शिकायला मिळाले होते. करार कसा वाचायचा, एजंटशी कसे बोलायचे, कर कसा भरायचा हेही शिकवतात. गायकाचे पोट त्यावरच चालायचे असते. उन्हाळ्यात मोजके प्रयोग होतात आणि ऑगस्टमध्ये वॉर मेमोरियलच्या मुख्य मंचावर वाद्यवृंदासह ‘ग्रँड फिनाले’ होतो. त्यात वेगवेगळ्या ऑपेरांतले प्रवेश शिकाऊ दिग्दर्शक एका धाग्यात बसवतो. क्वचित मोठे धाडसही झाले आहे: जेक हेगी (संगीत) आणि जीन शीअर (संहिता) यांच्याकडून मेरोलाने खास लिहवून घेतलेला ‘इफ आय वेअर यू’ हा ऑपेरा २०१९ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांनीच प्रथम सादर केला. भूमिकेची आधीची एकही ध्वनिमुद्रिका नसताना ती उभी करणे ही तरुण गायकाची खरी परीक्षा, कारण नक्कल करायला समोर कोणी नसते.

अ‍ॅडलर फेलो हा त्या मानाने संस्थेचा नोकर. मुख्य हंगामात त्याच्या वाट्याला येतात त्या दासी, पहारेकरी, पुजारीण अशा भूमिका, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘कव्हर’. मुख्य गायक आजारी पडला तर उभे राहता यावे म्हणून त्याची संपूर्ण भूमिका तयार ठेवायची, तालमींना बसायचे, सगळ्या हालचाली टिपून घ्यायच्या आणि प्रयोगाच्या रात्री थिएटरच्या आसपास राहायचे. आपल्याकडे बदली नट पुष्कळदा ऐनवेळी शोधावा लागतो. तिथे बदलीचा करार आधीच झालेला असतो. दहांपैकी नऊ वेळा ही तयारी कोणाला दिसतही नाही. तरी दोन वर्षांच्या फेलोशिपचा गाभा हाच, असे मला वाटते. जागतिक दर्जाचा गायक सलग महिनाभर एक भूमिका कशी उभी करतो, कुठे आवाज राखतो, कुठे खर्चतो, हे चार हातांवरून पाहायला मिळते. पुढे स्वतः ती भूमिका करताना तीच शिदोरी उपयोगी पडते.

कधी मात्र दहावी वेळ येते. २००७ मध्ये ‘डॉन जोव्हान्नी’चा पहिला प्रयोग तोंडावर असताना डोन्ना आन्नाच्या भूमिकेत बदल करावा लागला आणि एल्झा फान डेन हेव्हर या दक्षिण आफ्रिकेच्या अ‍ॅडलर फेलोने ती भूमिका निभावली. सुरुवातीला मेझो-सोप्रानो (मधल्या पट्टीचा स्त्रीआवाज) म्हणून गाणारी ही गायिका सॅन फ्रान्सिस्कोत असतानाच सोप्रानोकडे वळली होती. पुढे तिने न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात प्रमुख भूमिका केल्या.

माजी विद्यार्थ्यांची यादी लांब आहे: सुझन ग्रॅहम, डेबोरा व्हॉइग्ट, पॅट्रिशिया रासेट, रोलान्दो व्हियाझोन, नादीन सिएरा, सामोआत जन्मलेला टेनर पेने पाती. पण यादीपेक्षा त्यांतले दोन-तीन प्रवास अधिक बोलके आहेत. रशियन सोप्रानो आन्ना नेत्रेब्को १९९६ मध्ये मेरोलात आली तेव्हा ती नवखी नव्हती. आदल्याच वर्षी याच शहरात ग्लिंकाच्या ‘रुस्लान आणि ल्युद्मिला’त तिने नायिका गाऊन अमेरिकेत पदार्पण केले होते. नायिका झाल्यावर ती पुन्हा वर्गात बसली. जॉइस डिडोनाटो १९९७ च्या तुकडीतली. त्याआधी ती सांता फेला शिकाऊ होती आणि ह्यूस्टन ग्रँड ऑपेराच्या स्टुडिओतही होती. आज जगातल्या अग्रगण्य मेझोंत गणली जाणारी ही गायिका तिशीच्या उंबरठ्यापर्यंत एका योजनेतून दुसरीत जात राहिली. अमेरिकी गायकाचा हा नेहमीचाच मार्ग आहे. डोलोरा झाजिक हिने तर १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ऑपेरात ‘इल त्रोव्हातोरे’मधली आझुचेना गाऊन नाव मिळवले आणि २००६ मध्ये मोठ्या, अवजड आवाजांच्या तरुणांसाठी वेगळी संस्था काढली. विशीत असे आवाज ओबडधोबड वाटतात, त्यामुळे नेहमीच्या चाचण्यांत ते मागे पडतात, हा तिचा आक्षेप होता.

हा आक्षेप एकूणच अशा योजनांना लागू आहे. त्यांना लवकर पिकणारे, सुबक, सांभाळायला सोपे आवाज सोयीचे जातात. सोप्रानो उदंड आणि टेनर दुर्मीळ असल्याने मुलींना त्याच जागेसाठी कितीतरी अधिक झगडावे लागते. लहान भूमिका आणि कव्हर यांसाठी कंपनीला कमी खर्चात तयार माणसे मिळतात, हा व्यवहारही उघड आहे. फेलोला शिकायला मिळते म्हणून तो खपून जातो. आणि दोन वर्षे संपली की पगार थांबतो. नावाजलेल्या योजनेचा शिक्का असूनही त्यानंतर करार न मिळालेले गायक थोडे नाहीत. संस्थांच्या माहितीपत्रकांत ते अर्थातच नसतात.

याच धर्तीच्या इतर प्रमुख योजना म्हणजे शिकागोच्या लिरिक ऑपेराचे रायन सेंटर (१९७४), उपरोक्त ह्यूस्टनचा स्टुडिओ (१९७७), मेट्रोपोलिटनची जेम्स लव्हाइन याने सुरू केलेली लिंडेमन योजना (१९८०) आणि लंडनच्या रॉयल ऑपेराची जेट पार्कर योजना (२००१). थिएटर आणि वर्ग एकाच छताखाली, हे तत्त्व सगळीकडे सारखेच. सॅन फ्रान्सिस्कोचे वेगळेपण म्हणजे आधी उन्हाळाभर पाहून मग घरात घेण्याची रीत.

भारताशी या योजनेचा थेट संबंध बेताचाच. श्रीलंकन वंशाचा अमेरिकी टेनर शॉन पनिक्कर हा मेरोला आणि अ‍ॅडलर या दोहोंतून गेलेला. लॉस एंजेलिस ऑपेरात २०१८ मध्ये त्याने फिलिप ग्लासच्या ‘सत्याग्रह’मध्ये गांधीजींची भूमिका केली. या ऑपेराची संहिता भगवद्गीतेतली असून ती संस्कृतातच गायली जाते. मुंबई-गोव्यात चर्चमधल्या आणि घरातल्या संगीतामुळे पाश्चात्त्य गायनाची जाण जुनी आहे. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ लंडनमध्ये नावारूपाला आल्या आणि २००९ पासून ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ या उपक्रमातून त्या भारतातल्या तरुण गायकांना शिकवत आहेत. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा उघडले ते त्यांच्याच गायनाने. मात्र स्वतःचा वाद्यवृंद, समूहगायक आणि वर्षाचा हंगाम असलेली ऑपेरा कंपनी भारतात नाही, आणि अशा कंपनीवाचून निवासी प्रशिक्षण उभे राहत नाही. त्यामुळे इथल्या गायकाला आजही त्यासाठी परदेशीच ऑडिशन द्यावी लागते.