जहाजावरील विस्तव आणि खिशांतील यंत्र

आरमारांच्या इतिहासांत लढाया, तोफा व सेनापति यांची नोंद विपुल आढळते; खलाशानें चिलीम कोठें ओढावी याविषयींच्या आज्ञा मात्र क्वचितच कोणी अभ्यासितो. वस्तुतः जें मुळांत प्राप्त आहे त्याचाच निषेध होतो, असा मीमांसकांचा दंडक आहे. म्हणून जेथें निषेध दिसेल तेथें ती गोष्ट घडत होती असें खुशाल समजावें. या दृष्टीनें जहाजावरील धूम्रपानाचे जुने नियम व खासगी विद्युत्‌यंत्रांचे अलीकडील नियम एकत्र वाचल्यास दोहोंची परंपरा एकच असल्याचें दिसून येतें.

लांकडी युद्धनौका म्हणजे डांबर, दोर, शिडें व दारू यांचें तरंगतें कोठारच. फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या बंदरांत इंग्रजी गोळ्यानें तुळाजी आंग्र्याच्या ताफ्यांतील एक जहाज पेटलें आणि त्या एका आगीनें अवघें आरमार भस्म झालें, हें वाचकांस विदित आहेच. तो विस्तव शत्रूचा होता. परंतु मार्च १८०० मध्यें इटलीच्या लिव्होर्नो बंदराजवळ ‘क्वीन शार्लट’ हें इंग्रजांचें शंभर तोफांचें जहाज जळालें, तें घरच्याच विस्तवानें. तोफेची बत्ती ठेवण्याच्या पिंपाशीं पडलेलें सुटें गवत पेटलें असें मानितात. सहाशेंहून अधिक माणसें त्यांत गेलीं.

अशा स्थितींत इंग्रज आरमारानें तंबाखू अजिबात बंद केली नाहीं. खालच्या मजल्यांवर चिलीम ओढूं नये. ओढावयाची तर मुदपाकखान्याजवळ ओढावी, कारण तेथील चुलीवर पहारा असे, हा सामान्य प्रघात होता. ज्यास तेवढा धीर नसे तो तंबाखू चघळी. आगकाड्यांचा शोध लागण्यापूर्वीं पुष्कळ जहाजांवर चिलीम पेटविण्याकरितां पुढील भागांत किंवा मुदपाकखान्याशीं एक दिवा ठेवीत. तो तेवत असेल तर धूम्रपानास मुभा. दारूगोळ्याचें काम निघालें कीं तो विझवीत. दिवा कधींच इतिहासजमा झाला. परंतु अमेरिकन आरमारांत ‘धूम्रपानाचा दिवा लागला’ व ‘दिवा विझला’ या घोषणा पुढेंहि चालू राहिल्या. वस्तु गेली तरी संज्ञा कशी उरते, याचें शब्दशास्त्रज्ञांनीं टिपून ठेवावें असें हें उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धांत (१९३९–४५) भय पालटलें. आतां विस्तवापेक्षां प्रकाश घातक ठरला. रात्रीं उघड्या डेकवर विडी पेटविणें म्हणजे पाणबुडीस आपला ठाव सांगणें. त्याच सुमारास खलाशांच्या खासगी रेडिओंवर बंदी आली. याचें कारण असें कीं, तत्कालीन संच केवळ ऐकत नसे. त्यांतील मंडल स्वतःच क्षीण लहरी बाहेर टाकी, आणि त्यांवरून शत्रूस जहाजाची दिशा काढतां येईल अशी भीति होती. तथापि बंदी घालूनच कोणी स्वस्थ बसलें नाहीं. शिकागोच्या स्कॉट कंपनीनें अत्यल्प लहरी टाकणारा संच तयार केला, व तसे संच जहाजांवर सर्वांच्या करमणुकीसाठीं बसविण्यांत आले.

पुढें भय पुन्हा बदललें. २०१० च्या अखेरीस अमेरिकन पाणबुड्यांच्या आंत धूम्रपान बंद झालें. धूर न ओढणाऱ्यांच्याहि शरीरांत त्याचा अंश जातो, असें परीक्षणांत आढळलें होतें. तेथेंहि व्यसन सोडूं पाहणाऱ्यांस औषधी पट्ट्या व गोळ्या पुरविण्याची तजवीज होती. विद्युत्‌चिलमीनें तर दोन्ही प्रश्न एकाच वस्तूंत आणिले. तिच्या लिथियम बॅटऱ्या पेटण्याचे दहांहून अधिक प्रकार घडल्यावर मे २०१७ पासून त्याच आरमाराच्या जहाजांवर तिचा वापर स्थगित झाला.

खिशांतील दूरध्वनीचा विस्तव डोळ्यांस दिसत नाहीं. डिसेंबर २०१९ मध्यें हेरगिरीच्या आरोपावरून सात नौसैनिक पकडले गेले, आणि भारतीय नौदलानें जहाजांवर व तळांवर स्मार्टफोनास बंदी केली. उलट २०२३ मध्यें ‘मँचेस्टर’ या अमेरिकन युद्धनौकेवर कांहीं वरिष्ठ खलाशांनींच चोरून उपग्रहाची तबकडी बसवून आपल्यापुरतें जाळें चालविलें. तें उघडकीस येऊन शिक्षा झाल्या. नियम राखण्याचें काम ज्यांच्याकडे, त्यांनींच तो मोडला.

या सर्वांवरून एक निष्कर्ष निघतो. बारूद, प्रकाश, लहरी, वायु, वार्ता असें भय बदलत गेलें, तरी एकाच्या सुखानें सर्वांचा घात होऊं नये हें तत्त्व अढळ राहिलें. मात्र मीमांसेंत नियमविधि व निषेध हे भिन्न आहेत. दिव्यानें स्थळ व वेळ नेमून दिली, सामायिक रेडिओनें इच्छेस वाट दिली. हे नियमविधि होत. घरापासून महिनोन्‌महिने दूर असलेल्या माणसास नुसता निषेध सांगितला तर तो चोरवाट शोधतो, आणि चोरून पेटविलेला विस्तव उघड्यावरील विस्तवाहून भयंकर असतो.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, जुन्या दप्तरांत ‘विडी ओढूं नये’ असा कागद मिळाला तर तो क्षुल्लक म्हणून टाकूं नये. जहाजावरील माणूस कसा जगत होता, याची साक्ष बहुधा त्याच कागदांत सांपडेल.