खट् असा आवाज

आखाजीला घरी गेलो की पहिला दिवस खाण्यात आणि झोपण्यात जातो. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या बिघडलेल्या वस्तू एकेक करून माझ्यापुढे यायला लागतात. गेल्या वर्षी फैजपूरला पोचलो तर यादीत पहिलाच नंबर वॉशिंग मशीनचा होता.

"दार लागते, पन ही काही सुरूच होत नही," आई म्हणाली. "नुसती टूं टूं करते."

पुढून दार असलेलं मशीन आहे आमचं. बहिणीने आणि मी मिळून घेऊन दिलेलं. बटण दाबलं की एरवी दाराच्या कडेला 'खट्' असा आवाज येतो आणि मग पाणी सुरू होतं. आता तो 'खट्' येत नव्हता. थोडा वेळ वाट बघून मशीन दाराचा दिवा लुकलुकवायचं आणि गप्प बसायचं.

गल्लीतल्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने दोन मिनिटांत निदान केलं. "लॉक गेलं, दादा. नवीन जळगावहून मागवावं लागेल, चार दिवस लागतील. पण मावशीचं काम अडायला नको. मी दोन वायरी जोडून देतो, मशीनला वाटेल दार बंदच आहे. पुढे लॉक घेतलं नाही तरी चालतंय. खूप जणांना करून दिलंय."

मी जवळजवळ हो म्हणालो होतो. आपल्याकडे अडलेलं काम चालू करून देणाऱ्या माणसाला नाही म्हणणं जडच जातं. तेवढ्यात बहिणीची चार वर्षांची मुलगी येऊन मशीनच्या गोल काचेला नाक लावून उभी राहिली. रोजचा उद्योग आहे तो तिचा, आत फिरणारे कपडे बघत बसण्याचा. मी मिस्त्रीला म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगतो.

त्या रात्री झोप येईना म्हणून या कुलपाचा विचार करत पडलो. तो इथे मांडतो.

हिशेब साधा आहे. आपल्या घरातलं मशीन पिळताना मिनिटाला हजार फेरे घेतं. आतल्या पिंपाचा व्यास साधारण ४८ सेंटीमीटर धरला तर त्याची कड ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने पळत असते. ओल्या लुगड्याचा पदर हाताला गुंडाळला गेला तर माणसाला हात काढून घ्यायला वेळच मिळत नाही. ही गोष्ट कारखान्यांना घरांच्या फार आधी कळली. कापड गरगर फिरवून पाणी काढणारी यंत्रं एकोणिसाव्या शतकापासून गिरण्यांत आणि धुलाईखान्यांत आहेत, आणि झाकण उघडं ठेवून काम उरकण्याची घाईही तेव्हापासूनचीच. आपल्याकडे १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यातच धोक्याच्या यंत्रांना कठडा घालण्याची तरतूद होती, आणि १९४८ च्या कायद्यात ती बरीच सविस्तर आली. आमच्या खानदेशात जळगावला, अमळनेरला, धुळ्याला कापड गिरण्या होत्या. तिथे राबलेल्या पिढीला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

घरात मात्र हे यंत्र उशिरा आलं. पुढून दार असलेलं, आपोआप धुऊन पिळून देणारं घरगुती मशीन अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९३७ मध्ये लोकांपुढे आणलं. पिळताना ते इतकं हादरायचं की जमिनीला बोल्टाने आवळून ठेवावं लागे. आता गंमत बघा. त्याच्या काहीच महिने आधी, डिसेंबर १९३६ मध्ये, आमच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची, तीही बांबू वगैरे इथल्याच साहित्याची. खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन गांधीजींच्या हस्ते उघडलं. म्हणजे तिकडे यंत्र माणसाचे हात मोकळे करत होतं आणि इकडे हातांचीच थोरवी सांगितली जात होती.

पण हा विरोध वाटतो तितका सरळ नाही. गांधीजींनी १९२४ मध्येच शिवणयंत्राला आपल्या यंत्रविरोधातून वगळलं होतं. बाईचे कष्ट हलके करणारं, माणसाच्या जागी न बसणारं यंत्र त्यांना चालत होतं. वॉशिंग मशीनबद्दल ते काय म्हणाले असते, मला ठाऊक नाही. पण विहिरीवरच्या दगडावर चाळीस वर्षं घरादाराचे कपडे आपटलेल्या माझ्या आईचं मत मला पक्कं ठाऊक आहे!

आता ते कुलूप. अनेक मशीनमध्ये त्यात एक छोटीशी चकती असते. वीज मिळाली की ती तापते, आणि ठरावीक उष्णतेनंतर स्वतःच वीज घेणं कमी करते. तिच्या शेजारी दोन धातूंची जोडपट्टी असते. दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत म्हणून पट्टी वाकते, खिट्टी पुढे सरकते आणि 'खट्' वाजतं. ही जोडपट्टी अठराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने जहाजावरच्या घड्याळासाठी बनवली होती. थंडी-उष्ण्याने घड्याळ चुकू नये म्हणून. आज तीच पट्टी आमच्या न्हाणीत बसलीय.

खरी हुशारी पुढे आहे. मोटरला जाणारी वीज या कुलपातूनच जाते. खिट्टी बसल्याशिवाय मोटर फिरत नाही. आणि काम संपलं की चकती थंड व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तोवर दार उघडत नाही. आपण वैतागून दार ओढतो, पण तेवढ्या वेळात आतलं पिंप थांबलेलं असतं. दिवे गेले तरी असंच होतं. वाट बघायला लावणं हेच त्याचं काम आहे.

दाराच्या कुलपाने जीव घेतल्याचाही इतिहास आहे. जुन्या फ्रिजना बाहेरून खटक्याची मूठ असे. खेळता खेळता मुलं आत शिरायची, दार लागायचं, आतून उघडायचं नाही. अशा मृत्यूंनंतर अमेरिकेत १९५६ मध्ये कायदा झाला की फ्रिजचं दार आतून उघडता आलं पाहिजे. आज आपल्या फ्रिजला खटका नसतो, चुंबकाची पट्टी असते. एका यंत्राचं कुलूप मुलांसाठी काढावं लागलं, दुसऱ्याला मुलांसाठीच बसवावं लागलं. हे ज्याला कळलं, तो दोन वायरी जोडायला सहज हो म्हणणार नाही.

सकाळी उठून प्लग काढला, टॉर्च घेतला आणि मशीनसमोर मांडी घातली. कुलपाच्या खाचेत साबणाचा चुरा साचला होता, तो पुसला. दाराची आकडी बघितली, ठीक होती. मग दार लावताना जाणवलं की आकडी खाचेच्या मध्यात न जाता खालच्या काठावर टेकतेय. प्लग लावला, दार हाताने जरासं वर उचलून बंद केलं आणि बटण दाबलं.

खट्!

कुलूप चांगलंच होतं. दार खाली लोंबलं होतं. बिजागरीचे स्क्रू ढिले झाले होते. पुन्हा प्लग काढला, दार उचलून धरलं आणि स्क्रू आवळले. दहा मिनिटांचं काम.

पण नव्यासारख्या मशीनचं दार लोंबेल कसं? दुपारी त्याचं उत्तर मिळालं. आई कपडे काढायला मशीनसमोर खाली बसली. सगळे बादलीत भरून झाल्यावर तिने एक हात उघड्या दारावर ठेवला, सगळा भार त्यावर दिला आणि "माय वं..." म्हणत उठली.

"गुडघे कधीपासून दुखतात?" मी विचारलं.

"झालं असंल वरीस. तुले काय सांगायचं त्यात?"

वर्षभर ती रोज त्या दाराला धरून उठत होती. मी दर रविवारी फोन करत होतो.

संध्याकाळी बाजारातून एक स्टीलचा दांडा आणला आणि मिस्त्रीकडून मशीनशेजारच्या भिंतीत पक्का बसवून घेतला. बसायला एक उंच पाटही आणला. मिस्त्री हसत म्हणाला, "दादा, लॉक बदलायला बोलावलं आणि दांडा बसवून घेतला!" दुसऱ्या दिवशी आईला डॉक्टरकडे घेऊन गेलो, ते तर आधीच करायला हवं होतं.

आता फोनवर आधी गुडघ्यांचं विचारतो. मशीन बरं चाललंय म्हणते.