कंबरदुखी, जुनाट : मेंदू-उद्दीपन व भौतिकोपचार
बारा आठवड्यांहून अधिक टिकलेल्या कंबरदुखीत मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहू शकते. म्हणून डोक्याच्या त्वचेवरील विद्युताग्रांतून सुमारे २० मिनिटे १ ते २ मिलिअँपिअरचा एकदिश प्रवाह प्रेरक बाह्यकाकडे, म्हणजे हालचाली नियंत्रित करणाऱ्या मेंदूच्या पृष्ठभागाकडे, सोडून त्याला व्यायामाची जोड देतात. जर्मनीतील १३५ रुग्णांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र हा प्रवाह एकटा किंवा मानसोपचारापूर्वी दिल्यानेही वेदना घटली नाही. त्यामुळे निपाणीत मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास वाकून बिड्या वळणाऱ्या स्त्रियांसाठी नियमित व्यायाम, बैठकीतील बदल आणि हक्काची विश्रांती यांनाच अग्रक्रम हवा.