न विचारता आलेली तार

भोरघाट अजून फुटायचा होता, पण घाटमाथ्यापासून पुण्यावरून पुढे लोहमार्ग टाकण्याचे काम झपाट्याने चालले होते. 1859 साली तो मार्ग आमच्या माढे तालुक्यातील कुर्डुवाडीला, म्हणजे त्या वेळच्या 'बार्शी रोड' स्टेशनाला, येऊन पोचला आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला जाऊन भिडला. रुळांच्या कडेकडेने खांब आले आणि खांबांवर तार आली. माझी आजी सांगत असे की, तिच्या सासऱ्यांच्या लहानपणी पोरे त्या खांबाला कान लावून उभी राहत. आत वारा घुमायचा. पोरांना वाटायचे, साहेब बोलतो आहे. साहेब बोलत होताच म्हणा, पण तो पोरांशी बोलत नव्हता.

कोणाच्या शेतातून खांब जावेत, तार पाठवायला पैसे किती पडावेत, तारघर कोठे असावे, हे गावाला कोणी विचारले नाही. विचारण्याची रीतच नव्हती. पुढे 1885 साली इंडियन टेलिग्राफ ॲक्ट झाला. तारेचा मक्ता सरकारचा, असे त्यात ठरून गेले. खाजगी जमिनीत खांब रोवण्याचा अधिकारही सरकारने त्यात घेतला. जमीनमालकाला नुकसानभरपाई मागता येईल, पण खांबाला 'नको' म्हणता येणार नाही, असा एकंदर मतलब. वाचकहो, हा कायदा राणी व्हिक्टोरियाच्या काळचा. पण स्वातंत्र्य आले, तारेचा दूरध्वनी झाला, दूरध्वनीचा मोबाईल झाला, तरी तो जागचा हलला नाही. 2023 साली संसदेने नवा दूरसंचार कायदा केला आणि 2024 च्या जूनपासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला, तेव्हा कोठे म्हाताऱ्याला रजा मिळाली. ज्या तारेसाठी तो जन्मला, ती तर 2013 च्या जुलैतच बंद पडली होती.

दूरध्वनीची कथाही याच वळणाची. इंग्लंडातील कंपन्यांनी हिंदुस्थानात टेलिफोन सुरू करण्याची परवानगी मागितली, तेव्हा सरकार प्रथम 'नाही' म्हणाले. हा धंदा आम्हीच करू, असा त्यांचा पवित्रा होता. मग 1881 साली मत फिरले आणि 1882 च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे उघडली. मुंबईची टेलिफोन कंपनी पुढे साठएक वर्षे चालली आणि 1943 साली सरकारने ती ताब्यात घेतली. या सगळ्या वाटाघाटी झाल्या त्या सरकार आणि कंपनी या दोघांत. कानाला यंत्र लावून बसणारा तिसरा माणूस या बैठकीत कधीच नव्हता.

ट्रंक कॉलचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी काय सांगावे! साधा कॉल लावून पोस्टात दिवस काढायचा. 'अर्जंट' म्हटले की दुप्पट दर आणि 'लाइटनिंग' म्हटले की आठपट. माढ्याच्या माणसाला मुंबईतल्या मुलाला बाप गेल्याचे कळवायचे तर त्या विजेच्या वेगाची किंमत मोजावी लागे. इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात सी. एम. स्टीफन दळणवळणमंत्री होते. संसदेत कोणी टेलिफोनच्या रडगाण्याबद्दल तक्रार केली, तेव्हा त्यांनी काय उत्तर दिले ते शशी थरूर यांनी आपल्या पुस्तकात नमूद केले आहे. टेलिफोन ही चैन आहे, हक्क नव्हे. ज्यांना सेवा पसंत नसेल त्यांनी यंत्र खुशाल परत करावे, असा त्या उत्तराचा आशय होता. परत कोण करणार? मागे वर्षानुवर्षांची रांग उभी होती. 1991 साली साऱ्या देशात मिळून टेलिफोन होते सुमारे 50 लाख.

मंत्र्यांना मी एकट्यांना दोष देत नाही. जो विकतो, तोच दर ठरवतो, तोच तक्रार ऐकतो आणि तोच निकाल देतो, अशी व्यवस्था असली की देवमाणसाच्या तोंडूनही असेच उत्तर निघते.

1994 च्या धोरणाने खाजगी कंपन्यांना वाट मोकळी केली. 31 जुलै 1995 रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाईलवरून पहिले संभाषण केले. दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात. आणि गंमत अशी की, फोन आला तरी घेणाऱ्याने पैसे द्यायचे! सरकार आता स्वतःही दुकानदार होते आणि इतर दुकानदारांना परवानेही देत होते. आट्यापाट्यांच्या खेळात खेळाडूच पंच असला तर काय होते, हे शाळेतले पोरही सांगेल. म्हणून 1997 साली संसदेने कायदा करून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन केले. लोक त्याला 'ट्राय' म्हणतात.

त्या कायद्याच्या 11 व्या कलमात एक लहानसे पोटकलम आहे. प्राधिकरणाने आपले काम पारदर्शकपणे करावे, एवढेच त्यात सांगितले आहे. एक ओळ, पण खांब रोवणाऱ्या 1885 च्या कायद्यात असे काही शोधून सापडले नसते. या ओळीतून एक रीत जन्मली. काही नियम करायचा तर ट्राय आधी एक प्रश्नपत्रिका काढते. मास्तर असल्यामुळे मला हा शब्द आवडतो, पण येथे प्रश्न विचारणारा परीक्षक नसतो. कंपन्या, ग्राहकसंघटना, प्राध्यापक, तुम्ही-आम्ही, ज्याचा ज्याचा संबंध आहे त्याने लेखी उत्तर द्यावे; दुसऱ्याच्या उत्तराला प्रत्युत्तर द्यावे; मग खुली सभा भरते; आणि त्यानंतर नियम येतो, तोही कारणांसकट.

ही रीत एका दिवसात अंगवळणी पडली नाही. फोन करणाऱ्यानेच पैसे द्यावेत, असा आदेश ट्रायने 1999 मध्ये काढला, तो दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. येणारा कॉल फुकट व्हायला 2003 साल उजाडावे लागले. तोवर आपल्या लोकांनी 'मिस्ड कॉल' नावाची बिनपैशाची तारयंत्रणा स्वतःच शोधून काढली होती. एक घंटा म्हणजे पोचलो, दोन म्हणजे एस.टी. चुकली.

खरी कसोटी लागली 2015 साली. इंटरनेटवरच्या सगळ्या ठिकाणांना कंपनीने सारखेच वागवावे, की काहींना फुकट आणि काहींना महाग असे करू द्यावे, हा वाद होता. ट्रायने त्या मार्चमध्ये 118 पानांची इंग्रजी पत्रिका काढली, वीस प्रश्नांची. एवढे कोण वाचणार? पण काही तरुणांनी ती वाचली, सोपी करून सांगितली, थट्टामस्करीच्या चित्रफिती काढल्या, आणि दहा लाखांहून अधिक पत्रे ई-मेलने दिल्लीला जाऊन पडली. (ट्रायने ती सगळी लिहिणाऱ्यांच्या पत्त्यांसह उघड केली, हा उघडेपणा जरा अतीच झाला.) वर्षअखेरीस दुसरी पत्रिका निघाली. या वेळी फेसबुक कंपनी आपल्या 'फ्री बेसिक्स' योजनेसाठी मैदानात उतरली. आलेल्या सुमारे 24 लाख उत्तरांपैकी जवळजवळ 19 लाख तिच्याच बाजूची, छापील साच्यातून काढल्यासारखी होती. पंचायतीच्या निवडणुकीच्या हिशेबाने कंपनी जिंकली असती. ट्रायने मात्र कंपनीला कळवले की, आम्ही मत मागितलेले नाही. प्रश्नांची उत्तरे मागितली आहेत. 8 फेब्रुवारी 2016 रोजी निकाल लागला. कोणत्या ठिकाणी जाता यावरून वेगवेगळे दर लावायचे नाहीत. मोडाल तर दिवसाला 50 हजार रुपये, जास्तीत जास्त 50 लाख दंड.

मला या साऱ्या इतिहासात हा प्रसंग फार मोठा वाटतो. डोकी न मोजता कारणे तोलली, आणि तीही जगातल्या बलाढ्य कंपनीच्या विरुद्ध बाजूने.

पण त्याच ट्रायला तीनच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयात खाली बसावे लागले. बोलता बोलता कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया भरपाई, दिवसाला तीनदा, असा नियम तिने 2015 च्या ऑक्टोबरात केला होता. ऐकायला किती गोड! 11 मे 2016 रोजी न्यायमूर्ती कुरियन जोसेफ व रोहिंटन नरिमन यांनी तो रद्द केला. कॉल कंपनीच्या दोषाने तुटला की ग्राहकाच्या, याचा विचार न करता सरसकट दंड लावला होता. शिवाय कंपन्यांनी मांडलेल्या हरकतींना कारणांसह उत्तर दिलेले नव्हते. नियम करण्यापूर्वी लोकांचे म्हणणे घ्यावे आणि त्याचा विचार झाल्याचे दाखवावे, असा अमेरिकेत 1946 पासून आहे तसा सर्वसाधारण कायदा आपल्या संसदेने करावा, अशी सूचनाही न्यायालयाने केली. आपला रुपया गेला म्हणून पुष्कळांना वाईट वाटले. मला विचाराल तर निकाल योग्य होता. ज्या दाराने कंपनीचे म्हणणे न ऐकता बाहेर टाकता येते, त्याच दाराने उद्या आपलेही टाकता येईल.

आता आमच्या माढ्याकडे येतो. कंपन्यांची सेवा मोजायची तर ती 'सर्कल'वार मोजत. या सर्कलांच्या भूगोलात महाराष्ट्रात गोवा आहे, पण मुंबई नाही; ती वेगळी. म्हणजे पणजीचा समुद्रकिनारा, पुण्याचे कारखाने आणि आमच्या सीनाकाठची वस्ती एकाच तराजूत. पन्नास मुलांच्या वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून शेवटच्या बाकावरचा पास झाला असे होते काय? 2020 च्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरली, तेव्हा माझ्या वर्गातली काही मुले विहिरीच्या धक्क्यावर, काही पाण्याच्या टाकीवर चढून धडा ऐकत. बाकीची नुसती गैरहजर. सर्कलच्या सरासरीत ती हजर असणार!

2024 च्या ऑगस्टमध्ये ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. हिशेब तिमाहीऐवजी पुढे दरमहा द्यायचा; सेवा कोठे मिळते याचा नकाशा कंपनीने आपल्या संकेतस्थळावर लावायचा; आणि एखाद्या जिल्ह्यात चोवीस तासांहून अधिक काळ सेवा बंद पडली तर ग्राहकाला सूट किंवा मुदतवाढ द्यायची. सर्कलवरून जिल्ह्यापर्यंत तरी नजर खाली आली.

त्याच सुमारास आमच्या शेजारचे आप्पा एकदा फोन घेऊन आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे.

"गुर्जी, ह्या रिचार्जात नेट कशापायी घालत्यात? मला फकस्त लेकीशी बोलायचंय."

"आप्पा, तुमचाच प्रश्न दिल्लीत विचारलाय त्यांनी. जुलैमध्ये पत्रिका काढली होती."

"मंग मला कुणी न्हाई इचारलं?"

डिसेंबर 2024 मध्ये नियम झाला. नुसते बोलणे व संदेश यांसाठीचे, वर्षभरापर्यंत मुदतीचे रिचार्ज ठेवणे कंपन्यांना भाग पडले. त्याने आप्पांचे किती पैसे वाचले, हा वेगळा हिशेब. पण आप्पांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पत्रिका इंग्रजीत आणि शब्द असे की माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाला शब्दकोश घेऊन बसावे लागते. उत्तर देणाऱ्यांच्या याद्या मी चाळल्या आहेत. कंपन्या, त्यांचे संघ, वकील, शहरांतल्या ग्राहकसंस्था. शंभर कोटींहून अधिक जोडण्यांच्या देशात दार उघडे ठेवले आहे हे खरे; पण त्या दाराचा उंबरठा फार उंच आहे.

यंदा दिवाळीच्या सुटीआधी नववीच्या मुलांना मी भूगोलाचा एक वेगळा गृहपाठ दिला. प्रत्येकाने आपल्या वाडीवस्तीवर फिरून कोठे कॉल लागतो, कोठे लागत नाही, याच्या नोंदी करायच्या, वेळ घालून. एका कंपनीचा नकाशा आम्ही शाळेच्या संगणकावर उघडला. त्यात आमचा सारा परिसर एका रंगाने भरलेला. मुलांनी त्यावर लाल शाईचे ठिपके टाकले. ठिपके भरले त्रेचाळीस. एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या गोठ्यापाशी लागतो, घरात लागत नाही, मग ठिपका कोठे टाकू?" आम्ही तो अर्धा रंगवला. सोबतचे पत्र मराठीतच लिहिले आहे, खाली सदतीस सह्या आहेत, त्यांतली पाच नावे मुलांनी शिकवल्यावर प्रथमच सही करणाऱ्या आज्यांची. पाकीट स्पीड पोस्टाने दिल्लीला गेले. पावती वर्गातल्या फळ्याशेजारी टाचली आहे.